जे येईनासे होतात

जून १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायर-कारखान्यांचं गाव. तिथले पंचावन्न वर्षांचे सर्जन डॉ. रॉबर्ट स्मिथ वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला निघाले. दारूपायी त्यांची प्रॅक्टिस जवळजवळ बुडाली होती. गेले काही आठवडे मात्र त्यांनी थेंबालाही हात लावला नव्हता, कारण घरी एक अजब पाहुणा मुक्कामाला होता. हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन. स्वतः पट्टीचा पिणारा, पण सहा महिन्यांपासून कोरडा. धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आला, काम फसलं, हॉटेलच्या लॉबीत बारमधला आवाज खुणावू लागला, तेव्हा त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवून आपल्यासारखाच कुणी दारुडा गावात आहे का याची चौकशी केली. त्यातून डॉक्टरांची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर बसलेले दोघं रात्री अकरापर्यंत बोलत राहिले होते.

अटलांटिक सिटीला जायला डॉक्टरांच्या पत्नीचा, अ‍ॅनचा, ठाम विरोध होता. बिलचं म्हणणं, जाऊ दे. दारू जगातून नाहीशी होणार नाही, तिच्या शेजारीच राहायला शिकायचं आहे. डॉक्टर गेले आणि त्यांचा पत्ताच लागेना. ना फोन, ना तार. चार-पाच दिवसांनी निरोप आला तो त्यांच्या दवाखान्यातल्या नर्सच्या घरून. गाडीत बसल्यापासून प्यायला सुरुवात झाली होती. परतीचा प्रवास कसा झाला हे त्यांना आठवतही नव्हतं. बिल आणि अ‍ॅनने त्यांना घरी आणलं. तीन दिवसांवर एक ऑपरेशन ठरलेलं. त्या सकाळी हात थरथरत होते, म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली आणि दवाखान्याच्या दारात सोडलं. ती डॉक्टरांची शेवटची दारू. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे एए ही संघटना आपला जन्मदिवस तेव्हापासून मोजते: १० जून १९३५. (परिषद त्याच आठवड्यात होती, त्यामुळे खरी तारीख थोडी पुढची असावी असं अभ्यासक म्हणतात. वाढदिवस मात्र १० जूनलाच होतो.)

पण ऑपरेशननंतर काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑपरेशन उरकल्याचं कळलं, तरी डॉक्टर घरी येईनात. दुपार गेली, संध्याकाळ झाली. घरात बसलेल्या दोघांच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. उशिरा डॉक्टर आले ते शुद्धीत, स्वच्छ. दिवसभर ते गावात फिरत होते. ज्यांचे पैसे बुडवले, ज्यांना दुखावलं, त्यांच्या दारी जाऊन चुकीची कबुली देत होते.

आठवडाभराच्या अंतरात तोच माणूस दोनदा बेपत्ता झाला. एकदा दारूत होता, एकदा नव्हता. वाट पाहणाऱ्यांना दोन्ही वेळा सारखंच दिसलं.

व्यसनमुक्तीच्या गटांत येणारे आणि येईनासे होणारे हा या प्रकरणाचा विषय आहे. आधीच्या प्रकरणांत आपण गट काय करतो, बारा पायऱ्या काय आहेत, मीटिंगमध्ये बोलण्याने काय होतं हे पाहिलं. ते सगळं बसून राहिलेल्यांबद्दल होतं. जगातल्या कुठल्याही गटात बसून राहिलेल्यांपेक्षा उठून गेलेले जास्त असतात. त्यांच्याविषयी गटाला फारसं काही ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक आहे असं वाटतं त्यातलं बरंच चुकीचं असतं.

एएच्या पहिल्या पिढीचाच हिशेब मांडला तर निम्मी गोष्ट हरवलेल्यांची निघते. १९३४च्या नोव्हेंबरमध्ये बिलच्या स्वयंपाकघरात येऊन ‘मी सोडली’ असं सांगणारा त्याचा जुना दोस्त एबी थॅचर. ज्याच्यामुळे बिल सुटला, तो स्वतः पुढची तीस वर्षं आत-बाहेर करत राहिला. बिलने त्याला शेवटपर्यंत आपला स्पॉन्सर, म्हणजे वाटाड्या, म्हटलं, त्याच्या खर्चाची तरतूद केली. १९६६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषा-फार्मवर एबी वारला, तेव्हा तो पीत नव्हता. दुसरा हँक पार्कहर्स्ट. एएचं मूळ पुस्तक १९३९ साली निघालं, त्याच्या छपाईसाठी पैसे उभे करण्यात, कचेरी चालवण्यात हा पुढे. मालकवर्गाला उद्देशून लिहिलेलं प्रकरण त्याचं मानलं जातं. पुस्तक निघालं त्याच वर्षी तो पुन्हा प्यायला लागला आणि बिलशी त्याचं कायमचं फाटलं. त्याचं प्रकरण आजही पुस्तकात आहे, आणि ते वाचून सुटलेल्यांची गणती कुणी केलेली नाही.

तिसरा एडी. अ‍ॅक्रनमध्ये बिल आणि डॉक्टरांनी मिळून सुधारायला घेतलेला हा पहिलाच माणूस; घरी ठेवून घेतला, जंग जंग पछाडलं, काही उपयोग झाला नाही. एएच्या इतिहासात पहिलं अपयश म्हणून त्याची नोंद आहे. १९५० साली डॉक्टर वारले. अंत्यसंस्काराला हा एडी हजर होता, आणि दुसऱ्या एका गावच्या गटात जाऊन कोरडा झालेला होता. पंधरा वर्षं तो ‘गेलेला’ म्हणून जमा होता.

आता या सगळ्यांची मोजदाद का होत नाही? कारण गटाची घडणच तशी आहे. एएत प्रवेश-अर्ज नाही, वर्गणी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. १९५०मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात ज्या बारा परंपरा मंजूर झाल्या, त्यांतली तिसरी हेच सांगते. आडनाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही. नावच जिथे लिहायचं नाही, तिथे ते खोडायचं कुठून? यात मोठी सोय आहे. दारात पाऊल ठेवताना माणसाला जी धास्ती असते, ती निम्म्याने कमी होते. बाहेर पडतानाही त्याला कुणी अडवत नाही, आणि त्याची मोठी किंमतही आहे.

हजेरीपट नसताना आकडे मात्र फिरत राहतात. तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल की एएत शंभर जण आले तर वर्षाअखेर पाचच उरतात. हा आकडा इतक्या ठिकाणी छापला गेला आहे की त्याचं मूळ सांगायलाच हवं. उत्तर अमेरिकेतल्या गटांत १९६८पासून साधारण दर तीन वर्षांनी सदस्यांची पाहणी होते. त्या दिवशी मीटिंगला हजर असलेल्यांनी फॉर्म भरायचा. १९९०मध्ये या पाहण्यांचं एक अंतर्गत विश्लेषण झालं. त्यात एक आलेख होता: पहिल्या वर्षात असलेल्या सगळ्या सदस्यांपैकी किती जण पहिल्या महिन्यात आहेत, किती दुसऱ्या, किती बाराव्या. पहिल्या महिन्यातले निघाले १९ टक्के, बाराव्यातले ५. कुणीतरी हे शेवटचं ५ उचललं आणि ‘शंभरातले पाचच टिकतात’ असं वाचलं.

हे वाचन कसं चुकतं ते शाळेच्या उदाहरणाने लगेच कळेल. पहिली ते दहावीच्या शाळेत एकही मूल गळत नसेल, सगळे वर्ग सारख्या पटाचे असतील, तरी दहावीत एकूण मुलांच्या दहा टक्केच मुलं असणार. त्यावरून नव्वद टक्के मुलं शाळा सोडतात असं कुणी म्हटलं तर मुख्याध्यापक त्याला पुन्हा पहिलीत बसवतील. बारा महिन्यांच्या आलेखात गळती शून्य असती तरी प्रत्येक महिन्याला आठ-सव्वाआठ टक्केच आले असते. तेव्हा तुलना करायची ती १९ची ५शी. म्हणजे पहिल्या महिन्यात दिसलेल्या चौघांपैकी साधारण एक वर्षअखेर दिसतो, आणि मोठी गळती पहिल्या तीन महिन्यांत होऊन जाते.

चारातला एक हेही काही मिरवण्यासारखं नाही, पण वीसातल्या एकापेक्षा फार वेगळं आहे. उलट टोकाचा दावा एएच्याच पुस्तकात सापडतो. १९५५च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे की जे दोन-चार मीटिंगा करून निघून गेले, त्यांच्यातले तीनातले दोन जण कालांतराने परत येऊ लागले. नोंदवहीच नसताना हे प्रमाण कसं काढलं, हे तिथे दिलेलं नाही. निंदक आणि भक्त दोघांनीही गेलेल्यांबद्दल आपापल्या सोयीचा आकडा धरून ठेवला आहे, एवढंच यातून दिसतं.

गटाच्या आतून हे कसं दिसतं ते पाहू. भारतात एए सुरू झालं १९५७मध्ये, आणि मुंबई तेव्हापासूनचं ठाणं. आजही अनेक मीटिंगा भरतात त्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले पन्नाशीचे बाप्ये, फळ्याला टेकवून ठेवलेली घोषवाक्यांची फ्रेम, मधूनच फिरणारी पैशाची पिशवी, कागदी कपात चहा. खुली मीटिंग असेल तर तुम्हीआम्हीही मागे जाऊन बसू शकतो. ‘शेअरिंग’ सुरू होतं आणि कुणीतरी उभा राहतो: वर्षभर सोबर होतो, मग वाटलं आता जमलं, मीटिंग सोडली, सहा महिन्यांत स्लिप, नोकरी गेली, बायको माहेरी, आज पुन्हा पहिला दिवस. टाळ्या वाजतात. शेजारचा नवा सदस्य मनात पक्कं धरतो की मीटिंग सुटली म्हणजे दारू आलीच.

त्याने जे ऐकलं ते खरंच आहे. पण मीटिंग सोडून जो बरा राहिला तो हे सांगायला येणार कशाला? तो त्या वेळी डोंबिवलीला मुलीला क्लासवरून आणायला गेलेला असतो. बाहेर पडलेल्यांपैकी ज्यांचं बिनसलं, तेच परत येऊन बोलतात. वीस वर्षं बसलेल्या जुन्या सदस्यानेही बाहेरच्यांच्या शंभर कहाण्या ऐकलेल्या असतात आणि त्या शंभरही पडलेल्यांच्या असतात. म्हणून तो कळकळीने नव्यांना सांगतो, बाहेर गेलास की मेलास. तो खोटं बोलत नाही. त्याला दिसलेलंच तो सांगतो.

बाहेर जाऊन मोजणाऱ्यांना काय दिसलं? हार्वर्डशी संलग्न संशोधक जॉन केली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रौढांची देशव्यापी पाहणी केली. निष्कर्ष २०१७ साली आले. ज्यांना एकेकाळी दारू वा मादक पदार्थांचा त्रास होता आणि आता नाही, असे निघाले ९.१ टक्के प्रौढ, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास माणसं. त्यातल्या जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी उपचार, गट, औषध अशी काहीतरी मदत घेतलेली होती. उरलेल्यांनी काहीच नाही. याच पाहणीतून पुढे आणखी एक आकडा निघाला. सुटायला किती गंभीर प्रयत्न लागले? ओळीने मांडलं तर मधल्या माणसाचं उत्तर दोन. सरासरी पाचाच्या वर जाते, कारण काहींनी वीस-वीस, पन्नास-पन्नास वेळा धडपड केलेली असते. गटात सगळ्यात जास्त बोलतात ते हेच, आणि त्यामुळे व्यसन म्हटलं की त्यांचीच गोष्ट आपल्या डोळ्यांपुढे येते.

यावरून कुणी ‘मग गट कशाला?’ असं विचारू नये. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए व त्याकडे पद्धतशीर वळवणारे उपचार इतर नावाजलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले. गटाचा उपयोग होतो. वादाचा प्रश्न आहे तो गटातून गेलेल्याचं पुढे काय होतं हा.

त्यावर मला सर्वांत बोलका वाटतो तो ली अ‍ॅन कास्कुटास यांचा कॅलिफोर्नियातला अभ्यास, २००५चा. उपचार घेतलेल्या आणि एएत गेलेल्या ३४९ जणांचा पाच वर्षं माग काढला. हजेरीच्या चालीवरून त्यांचे चार गट पडले: फारसे न जाणारे, मध्यम जाणारे, सतत जाणारे, आणि पहिल्या वर्षी भरपूर जाऊन हळूहळू गळालेले. पाचव्या वर्षी न पिणारे किती? सतत जाणाऱ्यांत ७९ टक्के, मध्यमांत ७३, फारसे न गेलेल्यांत ४३. आणि गळालेल्यांत? ६१.

हा ६१ नीट पाहा. ७९पेक्षा तो कमी आहे, म्हणजे जुन्या सदस्याची काळजी अनाठायी नाही. पण दहातले सहा जण मीटिंगला न येता न पिता राहत आहेत, आणि त्यांच्या गटाला ते ‘गेलेले’ वाटत आहेत. शिवाय सतत जाणाऱ्यांत आणि मध्यम जाणाऱ्यांत फरक जेमतेम सहा टक्क्यांचा. रोज जाणाऱ्याने आठवड्यातून एकदा येणाऱ्याकडे दयेने पाहायचं कारण नाही.

काही जण तर रागावून, पटलं नाही म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी आपलं वेगळं घर बांधलं. जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंना एएतला ‘शरण जा, नम्र हो’ हा सूर बायकांना उलट खाली दाबणारा वाटला. बाईला नम्रता शिकवायला निराळा गट कशाला हवा, हा त्यांचा मुद्दा आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला समजावून सांगायला लागणार नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी फक्त बायकांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ सुरू केली. आपल्याकडे मीटिंगमध्ये बाई दिसते तीच मुळात विरळा. ती आली आणि दुसऱ्या वेळी आली नाही, तर कारण शोधायला लांब जायला नको: रात्री आठची वेळ, पुरुषांनी भरलेला वर्ग, आणि घरी ‘कुठे गेली होतीस’ विचारणारे चार जण.

आता न आलेल्यांतला तो मोठा हिस्सा, जो खरोखर पुन्हा प्यायला लागलेला आहे. तो परत का येत नाही? दारू मिळते आहे म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी १९८०च्या दशकात याची घडण उलगडून दाखवली. पूर्ण बंदीचा पण केलेला माणूस एक पेग घेतो. त्या पेगाने शरीराचं होतं त्याहून जास्त नुकसान पुढच्या विचाराने होतं: मी असाच आहे, माझ्याच्याने होणार नाही, मोडलंच आहे तर आता काय राहिलं. एका पेगची बाटली होते ती या विचारामुळे, आणि बाटलीचे पंधरा दिवस होतात.

गटातली दिवस मोजण्याची रीत इथे दुधारी ठरते. एए असो की आपल्याकडची केंद्रं, व्यसनमुक्तीचा वाढदिवस हा मोठा सोहळा असतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६मध्ये सुरू केलं, असे वाढदिवस कुटुंबासह साजरे होतात, बायका-मुलंही बोलतात. ज्याने चार वर्षांचा वाढदिवस साजरा केला, ज्याच्या मुलीने माइकवर ‘माझे बाबा’ म्हणून सांगितलं, त्याला त्याच सभागृहात येऊन ‘आज माझा तिसरा दिवस’ म्हणायचं असतं. चार वर्षं कुठेही गेलेली नसतात, त्या काळात घर सावरलेलं असतं, कर्ज फिटलेलं असतं. मोजणी मात्र शून्यावर येते. मला विचाराल तर एकूण कोरडे दिवस आणि सलग कोरडे दिवस असे दोन आकडे ठेवायला कुणाचीच हरकत नसावी. पण जुनी मंडळी याला तयार होत नाहीत. त्यांच्या मते शून्याची भीतीच माणसाला धरून ठेवते. असेलही. पण एकदा घसरलेल्याला तीच भीती बाहेरही ठेवते.

आणि काही जण मेलेले असतात. अफू, हेरॉइन, ब्राउन शुगर यांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावं लागतं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या डोसची सवय झालेली असते. काही आठवडे बंद ठेवलं की ती सवय उतरते. डोक्यातला आकडा मात्र जुनाच राहतो. माणूस पूर्वीइतकंच घेतो आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांची नोंद इंग्रिड बिन्सवँगर यांनी तपासली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट होता; नुसत्या ओव्हरडोसचा धरला तर १२९ पट. तेव्हा ब्राउन शुगर सोडून महिना झालेला मुलगा दोन मीटिंगा चुकला तर ‘येईल परत’ म्हणून बसून राहणं धोक्याचं आहे. तो मुलगा आणि चाळिशीतला, तीन वर्षं सोबर असलेला दारूवाला, यांच्या न येण्याचा अर्थ एक नाही.

नाव गुप्त ठेवणाऱ्या गटात मृत्यूची बातमी पोचतही नाही. सदस्यांच्या फोनमध्ये एकमेकांचे नंबर कसे साठवलेले असतात पाहा: ‘प्रकाश एए ठाणे’, ‘छोटा सुनील ग्रुप’, ‘जोसेफ मंगळवार’. पेपरात छापून येतं ते पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि जुना तरुणपणीचा फोटो. शेजारी बसून वर्षभर चहा प्यायलेल्या माणसाच्याही नजरेतून ते सुटतं. फोन करावा तर उचलते बायको किंवा मुलगा. ‘कोण बोलतंय?’ आता काय सांगणार? घरी एएबद्दल माहीत आहे की नाही याची खात्री नसते. मग ‘जुना मित्र’, ‘ऑफिसमधला’ असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला जातो. पलीकडे बायकोला मात्र जुना पिण्यातला मित्रच आला असं वाटतं, आणि ती नंबर ब्लॉक करते.

२०२०च्या टाळेबंदीत मीटिंगा एका झटक्यात झूमवर गेल्या. परगावचे, परदेशातले मराठी सदस्यही त्यात सामील झाले. येणं सोपं झालं आणि जाणं त्याहून सोपं. वर्गातून उठून जाणाऱ्याला निदान जिन्यात कुणीतरी गाठतं. चौकोन काळा झाला तर रेंज गेली, मूल रडलं की माणूस गेला, काही समजत नाही.

तर मग शोधायचं कोणी आणि कसं? ‘शोधायचं कशाला’ असं म्हणणारा एक पक्ष आहे, आणि तो अगदीच चूक नाही. ज्याला दारू सोडायची आहे त्याने यावं, मागे लागून कुणी सुटत नाही, हे एएतलं जुनं शहाणपण आहे. पण मागे लागणं आणि चौकशी करणं यात फरक आहे, आणि तो मोजून दाखवलेला आहे. शिकागोत मायकेल डेनिस आणि क्रिस्टी स्कॉट यांनी उपचार घेऊन गेलेल्या ४४८ जणांवर हा प्रयोग केला. अर्ध्यांची दर तीन महिन्यांनी नुसती विचारपूस. उरलेल्या अर्ध्यांची विचारपूस, आणि पुन्हा सुरू झालं आहे असं दिसलं तर तिथल्या तिथे बोलून परत उपचारापर्यंत सोबत. या दुसऱ्या गटातले लोक लवकर आणि जास्त प्रमाणात परतले.

त्यासाठी आधी माणसं सापडायला हवीत, आणि स्कॉटबाईंची खरी करामत तिथे आहे. ज्यांचा ठावठिकाणा स्वतःच्या घरच्यांना लागत नाही अशा माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्या वर्षानुवर्षं गाठत आल्या. यात जादू नाही, चिकाटीची कारकुनी आहे. पहिल्या भेटीतच आई, बहीण, मित्र, नेहमीचे अड्डे, टोपणनाव अशी सगळी माहिती लिहून घ्यायची, ती खरी आहे का लगेच तपासायची, पुढच्या भेटीची तारीख आधीच ठरवून द्यायची, मधे आठवण करत राहायची.

सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी तर याहूनही कमी केलं. त्यांचा विषय आत्महत्या होता, व्यसन नाही, पण माणसं तशीच: रुग्णालयातून सुटलेली आणि पुढचे उपचार नको म्हणालेली ८४३. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या अर्ध्यांना पाच वर्षं, वर्षातून किमान चार वेळा, दोन-तीन ओळींचं पत्र गेलं. तुमची आठवण आली, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, एवढाच मतलब. उपदेश नाही, भेटीची वेळ नाही, उत्तराची अपेक्षा नाही. पहिल्या दोन वर्षांत ज्यांना पत्रं गेली त्यांच्यातल्या आत्महत्या न गेलेल्यांपेक्षा कमी निघाल्या.

आपल्याकडे हे काम केंद्रांतले समुपदेशक ‘पाठपुरावा’ म्हणून करतात, आणि हातांत माणसं कमी असल्याने जमेल तेवढंच होतं. एम्सने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो. त्या एकाला परत शोधायला वेगळा माणूस ठेवणं अनेक केंद्रांना परवडत नाही. मग ते काम घरात येतं, आणि घरात ते विचारपूस न राहता उलटतपासणी होतं. ‘आज मीटिंगला गेला नाहीत?’ या प्रश्नात बायकोचा वीस वर्षांचा धसका असतो. ऐकणाऱ्याला फक्त संशय ऐकू येतो. तो खरंच थकून झोपला असेल तर चिडतो, प्यायला असेल तर त्याला भांडणाचं निमित्त मिळतं. म्हणून हे विचारण्याचं काम गटातल्याच कुणीतरी करावं हे बरं. फोन सकाळी करावा, संध्याकाळी स्लिप झालेला माणूस उचलत नाही. पहिलं वाक्य ‘पितोस का रे?’ हे नसावं. ‘शनिवारी जोसेफचा वाढदिवस आहे, दहा वर्षं होतायत त्याला, तुझी आठवण काढत होता’ एवढं पुरतं. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या निमित्ताने पुन्हा.

आणि फोन कुणाला करायचा हे तो माणूस समोर असतानाच विचारून ठेवावं लागतं. केंद्रातून घरी जाताना फॉर्मवर संपर्काचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक जण सवयीने बायकोचा नंबर लिहितात. स्लिपनंतर सगळ्यात आधी बंद होणारा संवाद तोच असतो, आणि कधीकधी ती स्वतःच घर सोडून गेलेली असते. त्याऐवजी प्रश्न असा असावा: सगळ्यांशी बोलणं टाकलंत, तरी तुम्ही कुणाचा फोन उचलाल? माणूस जरा थांबतो. मग कुणी गावाकडच्या थोरल्या बहिणीचं नाव सांगतं, कुणी शाळेतल्या मास्तरांचं, कुणी धाकट्या मेव्हण्याचं. ते नाव, तो नंबर, आणि घरी काय ओळख सांगायची, एवढं लिहून घ्यायला दोन मिनिटं लागतात.